हौशे, नवशे आणि लोहपुरुष

जत्रेला तीन प्रकारची माणसे येतात, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत : हौशे, नवशे आणि गवशे. हौशा पाळण्यात बसायला येतो, नवशा बोललेला नवस फेडायला येतो आणि गवशा गर्दीत काही गवसते का ते पाहायला येतो. जत्रा एकच, धूळही एकच; पण तिघांचे येण्याचे कारण निराळे आणि परतण्याची वेळही निराळी. हौशाला कंटाळा आला की तो घरी जातो. गवशा हाती काही लागले की जातो, किंवा लागणार नाही अशी खात्री पटली की जातो. नवशाला मात्र नवस फिटेपर्यंत जाता येत नाही. पाऊस लागो, अंगात ताप भरो, लोटांगणे घालत का होईना, त्याला देवळाच्या पायरीपर्यंत पोहोचावेच लागते.

हे सारे आठवण्याचे निमित्त म्हणजे ट्रायथलॉन. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी एकापाठोपाठ एक, घड्याळ न थांबवता करायच्या, अशी ही शर्यत. आपल्या शहरांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत हौशी खेळाडूंची जी धामधूम उसळली आहे, तिचा हा कळस समजला जातो. या कळसाच्या आसपास मी स्वतः तीन वर्षे घालवली आहेत. त्या अनुभवाच्या जोरावर (आणि तो अनुभव फारसा गौरवास्पद नाही, हे आधीच कबूल करून) एक विधान करावेसे वाटते : या स्पर्धांत उतरणाऱ्या आम्हा मंडळींना 'हौशी' म्हणणे चूक आहे. आमच्यातले बहुसंख्य नवशे असतात, थोडे गवशे असतात, आणि हौशे शोधावे लागतात. चूक नुसती शब्दाची असती तर सोडून दिली असती. पण नवसाला जे नियम लागू असतात ते नकळत या खेळालाही लागू झाले आहेत, आणि त्यांची किंमत मोजणारी माणसे बहुधा शर्यतीबाहेर असतात.

ज्यांना या प्रकाराची फारशी माहिती नाही अशा वाचकांसाठी थोडे तपशील. ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन २००० साली सिडनीत प्रथम आले. तिथले अंतर म्हणजे दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणे. सर्वसामान्यांच्या तोंडी असलेले 'आयर्नमॅन' हे याहून कितीतरी लांब : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची संपूर्ण मॅरेथॉन. हे सारे साधारणतः सतरा तासांत पूर्ण करावे लागते. याच्या बरोबर निम्म्या अंतराची स्पर्धा गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ सालच्या ऑक्टोबरात प्रथम भरली आणि पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-नाशिकच्या मंडळींना हे तीर्थक्षेत्र एका रात्रीच्या प्रवासावर आले. त्याआधी परदेशी जावे लागे. मिलिंद सोमण २०१५ साली झुरिकमध्ये, पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश २०१७ साली फ्रान्समध्ये पूर्ण अंतराची शर्यत पार करून आले, तेव्हा वृत्तपत्रांनी 'लोहपुरुष' हा शब्द मुक्तहस्ते वापरला. आता तो गल्लोगल्लीच्या फलकांवर आढळतो. सरदार पटेलांनी ही पदवी पोहता-धावता मिळवली नव्हती, एवढीच नोंद करून पुढे जाऊ.

या शर्यतीचा जन्म मात्र निर्भेळ हौसेतून झाला. हवाई बेटांवर नेमणुकीस असलेले अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांच्या मित्रमंडळींत वाद रंगला, की खरा दमदार कोण? पोहणारा, धावणारा की सायकलवाला? सायकलपटू एडी मर्क्सच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता सर्वाधिक असल्याचे कुठल्याशा नियतकालिकात आले होते, ते कॉलिन्स यांनी पुढे केले. वाद मिटेना, तेव्हा ओआहू बेटावर आधीपासून होणाऱ्या तीन निरनिराळ्या स्पर्धांची अंतरे एकापुढे एक ठेवून पाहावीत असे ठरले. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधराजण पाण्यात उतरले. बाराजण शेवटपर्यंत पोहोचले. पहिला आलेला गॉर्डन हॅलर टॅक्सी चालवत असे. त्याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या सोबत्यांकडचे पाणी संपले म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. ज्याच्या डोक्यातून हे निघाले ते कॉलिन्सही धावले. याला मी हौस म्हणतो. कट्ट्यावरच्या पैजेचा हा थोडा मोठा अवतार. तीन जण मधेच थांबले, त्यांच्याकडे कुणी पराभूत म्हणून पाहिले असेल असे मला वाटत नाही. पैजेच्या गंमतीत तेही सामील होते.

मग या पैजेचे तीर्थ कसे झाले? माझ्या मते ते लेखणीने आणि कॅमेऱ्याने केले. १९७९ साली 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'चा एक लेखक, बॅरी मॅकडरमॉट, गोल्फच्या स्पर्धेचे वार्तांकन करायला हवाईत आला होता. त्याच्या कानी ही दुसरी विक्षिप्त शर्यत आली आणि त्याने तिच्यावर दीर्घ लेख लिहिला. वाचकांची पत्रे आली, पुढच्या वर्षी दूरचित्रवाणीवाले आले. म्हणजे या खेळाच्या बाबतीत वृत्तान्त आधी आणि गर्दी नंतर, असा क्रम आहे. साहित्याचा परिणाम होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. परिणाम होतो, फक्त अपेक्षित ठिकाणी होत नाही.

यात निर्णायक ठरला तो फेब्रुवारी १९८२ मधला प्रसंग. ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी आपल्या व्यायामशास्त्राच्या प्रबंधासाठी माहिती मिळवावी म्हणून शर्यतीत उतरली होती. ती आघाडीवर राहिली आणि अंतिम रेषा अगदी दृष्टीच्या टप्प्यात असताना तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली आणि शेवटी चक्क रांगत निघाली. तेवढ्यात कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून जिंकली. एकोणतीस सेकंदांनी मॉसचा हात रेषेपलीकडे पडला. लक्षावधी लोकांनी हे दृश्य पडद्यावर पाहिले आणि पुढे कित्येकांनी सांगितले, की त्याच क्षणी आपणही हे करायचे असे ठरले. जिंकणारीचे नाव आज जाणकारांनाच आठवते. रांगणारी अमर झाली.

हे दृश्य मीही अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी माझा घसा दाटून आला आहे. तरीही आज वाटते, की तिथेच काहीतरी बिनसले. रांगणे हा अपघात होता, तो आदर्श झाला. आपल्याला लोटांगण ओळखीचे आहे, ते पाहताच हात जोडले जातात. तो कॅमेरा मॅकार्टनीच्या सफाईवर स्थिरावला असता तर या खेळाकडे निराळ्या वृत्तीची माणसे वळली असती, अशी माझी समजूत आहे. पुढचा व्यवहार त्या लोटांगणावर उभा राहिला. पंधरा जणांची ती पैज २०१५ साली पासष्ट कोटी डॉलरना एका चिनी उद्योगसमूहाने विकत घेतली आणि २०२० साली ती आणखी चढ्या भावाने एका अमेरिकी कंपनीकडे गेली. एवढ्या किमतीला पैज विकली जात नाही. क्षेत्र विकले जाते, नवस बोलणाऱ्यांच्या रांगेसकट.

आता आपल्याकडच्या वृत्तान्तांकडे वळू. शर्यत पूर्ण केलेला प्रत्येक माणूस एक वृत्तान्त लिहितो, असा आता शिरस्ताच आहे. मी असे मराठी वृत्तान्त दोनशेच्या घरात वाचले असतील. तयारीचा तो भागच होता. त्यांचा साचा ठरलेला असतो. चाळिशी, वाढलेले पोट किंवा रक्तातली साखर, एखादा अपमान, मग पहाटेचा गजर, गुरू, शंका, समुद्र, भोवंड, 'आता संपले' असे वाटण्याचा क्षण, घरच्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येणे, अश्रू, पदक. आपल्या साहित्यातल्या एका जुन्या दालनाशी याचे थेट नाते आहे, ते म्हणजे नर्मदा परिक्रमेच्या वर्णनांशी. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'पासून जगन्नाथ कुंट्यांच्या 'नर्मदे हर हर'पर्यंत मराठी वाचकाने देह झिजवण्याच्या कथा आवडीने वाचल्या आहेत. पण एक फरक आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. परिक्रमावासी चातुर्मासात थांबतो. जिथे असेल तिथे मुक्काम ठोकतो, गावाने दिलेला शिधा खातो आणि पावसाळा सरण्याची वाट पाहतो. म्हणजे प्रत्यक्ष व्रतातही थांबण्याची सोय आहे! आमच्या वृत्तान्तांत थांबणे हे फक्त मोहाच्या रूपात येते. ते येते ते नाकारले जाण्यासाठीच.

माझा नवस मी चव्वेचाळिसाव्या वर्षी बोललो. तपासणीत साखर निघाली होती आणि डॉक्टरांनी चालायला जा एवढेच सांगितले होते. चालण्याने कुणाचे समाधान होते? मी कार्यालयात जाहीर करून टाकले, की तीन वर्षांत अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन करणार. नवसाला साक्षीदार लागतात, ते मी अशा रीतीने मिळवले. पोहता येत होते. वडिलांनी (त्यांना आम्ही अण्णा म्हणतो) आजोळच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकवले होते. पण विहिरीतले पोहणे म्हणजे वर येऊन श्वास घेणे, आणि इथे तोंड पाण्यात ठेवून, अंग एका बाजूला वळवून, तालात श्वास घ्यायचा. ते नव्याने शिकण्यात आठ महिने गेले. सायकल घेतली, तिची किंमत घरात सांगताना एक शून्य कमी सांगितले. ते पुढे उघडकीस आले, असो. सायकलवरून उतरल्या उतरल्या धावण्याचा सराव असतो. त्यात पहिले दहा मिनिटे मांड्या आपल्या नसतातच, दुसऱ्या कुणाच्या तरी उसन्या आणल्यासारख्या वाटतात. तो प्रकार मला मनापासून आवडे. पहाटे कात्रजचा बोगदा ओलांडून पलीकडच्या उतारावर सायकल सोडून द्यावी आणि खेड शिवापूरच्या बाजूने धुके वर येताना दिसावे, यासारखे सुख नाही. ही माझ्यातली हौस होती. तिला आठवड्याचे चार तास पुरले असते.

नवसाला बारा ते चौदा तास लागतात. ते कुठून येतात याचा हिशेब कुठल्याही वृत्तान्तात मांडलेला मी पाहिला नाही. शेवटच्या परिच्छेदात 'अर्धांगिनीची साथ नसती तर' एवढे एक वाक्य असते. ते तास स्वयंपाकघरातून येतात, मुलांच्या अभ्यासातून येतात, म्हाताऱ्या माणसांशी करायच्या निरर्थक गप्पांतून येतात. रविवार जातो, कारण लांब पल्ला रविवारीच. शनिवारची संध्याकाळ जाते, कारण रविवारी साडेतीनला उठायचे. लग्नकार्यांत आपण नऊ वाजता जांभया देऊ लागतो आणि लोक कौतुकाने म्हणतात, काय शिस्त आहे! हौशी नाटकवाल्यांच्या घरांतूनही ही तक्रार असे. बँकेतून सुटून थेट तालमीला जाणारा आणि मध्यरात्री परतणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. पण निदान त्याच्या घरच्यांना प्रयोगाचा पास तरी मिळे, आणि नाटक पडले तर घरी येऊन 'पडले' असे तो म्हणू शकत असे.

शर्यतीला अकरा आठवडे उरले असताना मी एका रविवारी वाईपर्यंत जाऊन परत यायला निघालो होतो. खंबाटकी चढून, उतरून सुरूर फाट्याजवळ चहाला थांबलो तेव्हा पाठच्या खिशातला फोन काढला. बायकोचे सात फोन येऊन गेले होते. अण्णा न्हाणीघरात पडले होते. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना रुग्णालयात नेले होते, खुब्याचे हाड मोडले होते. सायकल एका टेम्पोत टाकून मी पुण्याला पोहोचेपर्यंत तीन तास गेले. कुणी काही बोलले नाही. मी घरी असतो तर ते पडले नसते असेही नाही. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली, नीट झाली.

मी सराव थांबवला नाही. हे लिहिताना आज लाज वाटते, तेव्हा अभिमान वाटत होता. मागचे चाक अडकवून घरच्या घरी सायकल मारण्याचे यंत्र आणले आणि ते अण्णांच्या खोलीतच मांडले, म्हणजे त्यांच्याजवळ बसणेही होईल आणि सरावही. ते यंत्र घरघरते. अण्णा अंथरुणावरून दोन-दोन तास माझ्याकडे पाहत पडलेले असत. एकदा त्यांनी विचारले, "कुठवर पोहोचलास?" मी कानातले संगीत काढून पुन्हा विचारायला लावले. त्यांनी पुन्हा विचारले. "सत्तर किलोमीटर झाले," मी म्हणालो. "मग आता परत ये," ते म्हणाले. औषधांमुळे त्यांना तेव्हा थोडा भ्रम होत असे, असे डॉक्टर म्हणत. असेल.

२०२३ सालच्या ऑक्टोबरात मी मिरामारला पाण्यात उतरलो. समुद्र काही वाईट नव्हता. साधारण तीनशे मीटरवर मला श्वास मिळेनासा झाला. पाणी गेले नव्हते, दम लागला नव्हता. छाती आत ओढली जात होती आणि बाहेर सुटत नव्हती. आजूबाजूला हातापायांचा नुसता खळखळाट होता. मी उताणा झालो आणि हात वर केला. होडगे घेऊन एक मुलगा आला. होडग्याला धरून थांबण्याची मुभा असते, फक्त ते धरून पुढे सरकायचे नाही. मी पाच-सहा मिनिटे लटकून राहिलो. श्वास परतला. "अंकल, पुढे जाणार ना?" त्याने विचारले. वेळ होता. सरावात मी याहून वाईट अवस्थेतून पुढे गेलेलो होतो. मी नाही म्हणालो. त्याला वाटले मी घाबरलोय, म्हणून त्याने मला पुष्कळ धीर दिला. मी पुन्हा नाही म्हणालो.

तिथून पुढचा अनुभव मला समुद्रापेक्षा विचित्र वाटला. किनाऱ्यावर, हॉटेलात, पुण्यात परतल्यावर, जो भेटेल तो सांत्वन करी. "पुढच्या वर्षी नक्की." "असे होते पहिल्यांदा." "हार मानायची नाही." मी थांबायचे ठरवले, असे म्हटले तर ते ऐकूच येत नसे. मग ध्यानात आले, की यासाठी आमच्याकडे शब्दच नाही. माघार, कच खाणे, अर्धवट सोडणे, शेपूट घालणे असे जे शब्द आहेत ते सारे रणांगणावरून आले आहेत. निकालपत्रकात 'पूर्ण केली नाही' या अर्थाची तीन रोमन अक्षरे येतात, तीच मुले-माणसे बोलण्यात नावासारखी वापरतात. त्या मानाने डोंगरात जाणाऱ्यांची परंपरा प्रगल्भ आहे. हिमालयात शिखर टप्प्यात असताना हवामान पाहून वळणाऱ्या नेत्याविषयी ते आदराने बोलतात. सह्याद्रीतही पावसात कडा ओलसर दिसला म्हणून सगळी तुकडी परत फिरते आणि पायथ्याशी भजी खाते. डोंगर माणसे मारतो हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून वळण्याला त्यांनी प्रतिष्ठा दिली.

समुद्रही मारतो. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांचा १९८५ ते २०१६ या काळाचा एक अभ्यास २०१७ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना मिळून १३५ प्रसंग त्यांना सापडले. लाखामागे पावणेदोनच्या आसपास हे प्रमाण पडते, म्हणजे फार नव्हे. रस्त्यावरच्या सायकलस्वाराने घाबरून जावे असे तर मुळीच नव्हे. पण त्यांतले दोन तृतीयांश प्रसंग पाण्यात घडलेले आहेत, पंच्याऐंशी टक्के पुरुषांच्या बाबतीत, आणि सरासरी वय सत्तेचाळीसच्या घरात. शवविच्छेदन झालेल्यांपैकी अनेकांच्या हृदयात आधीपासूनचे दोष निघाले. ही आकडेवारी कारण सांगत नाही, आणि मीही ती माझ्या सोयीने वाकवणार नाही. परंतु वयाच्या त्या ओळीत मी स्वतःला पाहिले. हा माणूस चाळिशी ओलांडलेला, साक्षीदार गोळा करून आलेला, आणि छातीत काही विचित्र झाले तर 'असे होतेच' असे वाचून वाचून पाठ केलेला. त्याला हात वर करायला किती सेकंद जास्त लागत असतील, एवढाच माझा प्रश्न आहे.

साहित्याच्या वाचकांना इथे हारुकी मुराकामी आठवेल. धावण्यावरचे त्याचे पुस्तक जपानीत २००७ साली आणि इंग्रजीत २००८ साली आले. त्यात एक प्रकरण ट्रायथलॉनचे आहे, निइगाता प्रांतातल्या, योगायोगाने त्याचेच आडनाव धारण करणाऱ्या गावातले. पोहण्याच्या आरंभी श्वास बिघडण्याचा त्रास त्यालाही होता आणि त्याविषयी तो कुठलाही आव न आणता लिहितो. या विषयावर इतके शांत गद्य मी दुसरे वाचलेले नाही. पण निदान चालत गेला नाही, शेवटपर्यंत धावला, असे आपल्या थडग्यावर लिहिले जावे ही त्याची इच्छा मला पटत नाही. तो कादंबरीकार आहे. न थांबणे हा त्याच्या धंद्याचा भाग आहे, आणि धावण्याकडे तो लिखाणाची तालीम म्हणून पाहतो. त्याच्या वृत्तीची उसनवारी विमा कंपनीतल्या माणसाने करावी का? व्यावसायिकाला थांबता येत नाही, कारण पोट आहे, करार आहे. हौशी माणसाजवळ त्याच्यापेक्षा एकच गोष्ट अधिक असते, ती म्हणजे कुठल्याही क्षणी 'पुरे' म्हणण्याची मोकळीक. पदकासाठी आम्ही पहिल्यांदा तीच मोडीत काढली.

हे सगळे मी एका परिचित बाईंना ऐकवले. त्या बावन्न वर्षांच्या आहेत, शाळेत शिकवतात आणि त्याच वर्षी त्यांनी गोव्याची शर्यत वेळ संपायला काही मिनिटे असताना पूर्ण केली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्हाला हौस परवडते हो. मी हौस म्हणून पहाटे चारला घराबाहेर पडते म्हटले असते, तर सासूबाईंनी दार उघडू दिले असते का? शर्यत आहे, फी भरली आहे, सर्वांना सांगून झाले आहे म्हटल्यावर गुपचूप डबा कुणी भरला ते विचारा." नवस नसता तर त्यांना ते बारा तास कधीच मिळाले नसते, आणि ज्या घरातून ते आले त्या घराने आधीची तीस वर्षे त्यांच्याकडून घेतलेलीच होती. जुन्या काळी बायका व्रताच्या निमित्तानेच उंबरठा ओलांडत, हे मला त्यांच्या बोलण्यावरून आठवले. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तासांचा जो हिशेब मी वर मांडला, तो पुरुषाच्या खात्यावरचा आहे एवढे मान्य केले पाहिजे. त्यांच्या खात्यावर तो वसुलीचा निघेल. तरीही छातीत तसे काही झाले असते तर हात वर केला असता का, असे मी त्यांना विचारले. त्या बराच वेळ थांबल्या. "घरी काय तोंड दाखवले असते?" एवढेच म्हणाल्या.

सायकल मी विकली नाही. कात्रजपर्यंत जातो, कधी बोगद्यापलीकडे जातो, कधी अलीकडूनच वळतो. साखर आटोक्यात आहे. अण्णा वॉकर घेऊन दिवाणखान्यापर्यंत येतात, आणि यंत्र काढून टाकल्यामुळे त्यांची खोली आता थोडी मोठी वाटते. मंगळवारी आणि शुक्रवारी पोहायला जातो. परवा सोळा फेऱ्या झाल्यावर चहाची तलफ आली, म्हणून बाहेर निघालो. तलावावरचा रखवालदार मला तीन वर्षे साठ-साठ फेऱ्या मारताना पाहत आलेला. त्याने घड्याळाकडे पाहिले आणि विचारले, "आज लवकर? तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे," मी म्हणालो आणि टॉवेल घेतला.